शनी थांबला ती संध्याकाळ

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता आणि देवावरचा माझा विश्वास जवळजवळ उडाला होता. आई अंथरुणाला खिळलेली. ताप जायचं नाव घेत नव्हता, कूस बदलायलाही तिला आधार लागायचा. तरी शनिवार आला की ती शनीचा उपास धरायची आणि पडल्या पडल्या हात जोडायची. मला ते बघवत नसे. जो तिचा ताप उतरवत नाही, जो आभाळात ढग आणत नाही, त्याला हात कशाला जोडायचे, असं वाटायचं.

मुरुम गावात माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. दुष्काळात फोटो काढायला कोण येणार? रिकाम्या हातांना मी एक वेड लावून घेतलं. हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली पितळी दुर्बीण माझ्याकडे होती. तिला कॅमेरा जोडायचा आणि कड्यासकट शनीचा फोटो काढायचा. दिवेलागणीला मी माळवदावर चढायचो. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर घातलेलं ते आमचं छप्पर. त्याच्या बरोबर खाली आईची खाट. शनी तेव्हा रोहिणीच्या जवळ होता, अंधारू लागताच पश्चिमेला वर दिसायचा.

"शनी रोहिणीपाशी गेला की पाऊस आटतो," आई म्हणायची. "त्याच्याकडं असं रोखून बघू नगं बाबा. आपुण बघितलं की त्यो बी बघतुय."

मी ते हसण्यावारी नेत असे. माझी अडचण वेगळीच होती. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीत धरलेला ग्रह सारखा एका बाजूला सरकत राहतो. फिल्म धुतली की कड्याच्या जागी लांबट, पुसट रेघ निघायची.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. माणसं पाण्यासाठी लांबच्या विहिरीवर गेलेली, गल्ली ओस. कुत्रीसुद्धा गप्प होती. मी शनी दुर्बिणीच्या मधोमध आणला आणि तो तिथंच राहिला. डोळा काढून पुन्हा लावला. तिथंच. इतके दिवस जे मागत होतो ते समोर उभं होतं. मी घाईनं कॅमेरा जोडला, शटर उघडून ठेवलं. आणि मग हळूहळू अंगावर काटा आला. आभाळातली वस्तू अशी थांबत नाही. कुणीतरी चालता चालता थबकून वळून बघावं, तसा तो मला वाटला. मी शटर बंद केलं.

"अव्वा, घोटभर पाणी द्या."

खाली गल्लीत एक बाई उभी होती. डोक्यावर घोंगडी, खांद्यावर कोकरू. तोंड दिसत नव्हतं.

"थांबा, मी देतो," मी वरूनच म्हणालो.

तिनं मान वर केली नाही. "अव्वाच्या हातचं पायजे. त्येंना भाईर येऊ द्या."

अव्वा म्हणजे म्हातारी आई. घरात आजारी म्हातारी आहे हे हिला कुणी सांगितलं? तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "आले गं बाई." मी शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. आई खाटेवरून उठली होती. माझी बायको तिला धरून अंगणात आणत होती. बायकोच्या दुसऱ्या हातात तांब्या होता. मी पोचलो तेव्हा आई त्या बाईच्या ओंजळीत पाणी ओतत होती.

मागं लाकूड करकरलं आणि आमचं माळवद खाली आलं.

धुरळा बसला तेव्हा आईच्या खाटेच्या जागी मातीचा ढीग होता. ती बाई मात्र नव्हती. विहिरीवरून परतणारी माणसं त्याच गल्लीनं आली होती. त्यांना वाटेत कुणी भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुतारानं तुळई दाखवली. वाळवीनं ती आतून पोखरली होती. मग माझ्याही ध्यानात आलं. माळवद सावकाश पश्चिमेकडं कलत होतं, त्याच्याबरोबर दुर्बीणही, म्हणून ग्रह थांबल्यासारखा दिसला. ढिगाऱ्यातून कॅमेरा निघाला. त्या फिल्मवर शनी आला आहे, कड्यासकट, खसखशीच्या दाण्याएवढा आणि अगदी स्थिर. ग्रह का थांबला ते मला कळलं. बाई कोण होती ते कळलं नाही, आणि पुढं मी ते शोधणंही सोडून दिलं.

आईचा ताप हळूहळू उतरला. ती पुढं बरीच वर्षं जगली. एकदा मी तिला विचारलं, "अंगात ताकद नव्हती, मग तू उठलीस कशी?"

ती म्हणाली, "हाक आली. मग उठायचं न्हाय व्हय?"

ज्याला मी नाकारत होतो, त्यानं माझी आई मला परत दिली. प्रत्येक गोष्टीचं कारण मागायची माझी सवय त्यानंतर सुटली. कुणाची हाक कानावर आली की मी हातातलं काम ठेवतो, आणि उठतो.