शब्दाचं माहेर

आमच्या गावात सुनेला नावाने कोणी हाक मारत नाही. ती जिथून आली तेच तिचं नाव. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आमच्या बायांच्या पातीत पवनीवाली होती, कोंढावाली होती आणि मी लाखनीवाली. कोंढ्याहून तर दोघी आल्या आहेत, म्हणून एक तिथल्या तळ्याकडची कोंढावाली, दुसरी शाळेकडची. मला पूर्वी याचा राग यायचा. माणसाला आईबापानं नाव कशाला ठेवलं मग? राग मला तसाही लवकर येतो.

त्या वर्षी गावातल्या अंगणवाडीच्या बाई निवृत्त होणार होत्या. ती जागा गावातल्याच बाईला मिळते, पण बारावी पास पाहिजे. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसले होते. बाकीचे विषय निघाले, इंग्रजीत दोनदा गटांगळी. आता जुलैमधली पुरवणी परीक्षा तेवढी उरली होती. ती गेली की जागा गेली, आणि पुढची भरती निघेपर्यंत माझं वय निघून गेलं असतं. मला ती जागा हवी होती. दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकून जन्म काढायचा नव्हता, हे स्पष्टच सांगते.

उतारा, पत्र कसंबसं जमायचं. पण एकसारखे ऐकू येणारे शब्द माझ्या जिवावर उठले होते. सन म्हणजे सूर्य आणि सन म्हणजे मुलगा. वीक म्हणजे आठवडा आणि वीक म्हणजे अशक्त. ऐकायला सारखे, लिहायला वेगळे, आणि अर्थ असे की एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत. पाठ करावे आणि तासाभरात सगळ्यांची खिचडी. पेपरात असा एक शब्द फसला की पुढचं येत असलेलंही जायचं.

परीक्षा आली ती नेमकी रोवण्यात. आमच्यात रोवणा एकमेकींच्या जोरावर चालतो, आज माझ्या बांधीत सगळ्या, उद्या तिच्या. माझा रोवणा आधीच उरकला होता. मी आमच्या पातीच्या म्होरक्या चुलतसासूला म्हटलं, "मले परीक्षेपर्यंत सुट्टी पाहिजे."

"वा व वा! तुह्या बांधीत आम्ही वाकलो. आता आमच्या बांधीच्या वेळेस तुले पुस्तक आठवलं काय?"

"मग काय, पुस्तक चिखलात आणू?"

"आण ना! नाही कोण म्हणून राहिलं?"

मी पाय आपटत घरी आले. सकाळी मात्र गेले, न जाऊन सांगते कुणाला?

चुलतसासूचा एक कायदा होता. पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, धरली की ती पुरी होईपर्यंत कोणी पाठ सरळ करायची नाही. कंबर मोडो नाहीतर काही होवो. सगळ्या ओळीनं वाकून मागे मागे सरकत धानाची रोपं लावत जायच्या. मी रोप लावता लावता शब्द पुटपुटत होते. डावीकडून पवनीवाली म्हणाली, "काय पुटपुटून राहिली व? मंतर मारते काय आमच्यावर?"

मी चिडूनच माझं सगळं रडगाणं सांगितलं. सारखे आवाज, वेगळे अर्थ, माझं नशीब. पातीच्या टोकाकडून चुलतसासूचा आवाज आला, "दोघी एका नावाच्या असल्या तर आपण काय करतो? माहेर विचारतो. त्याइचं माहेर विचार ना!"

सगळ्या खिदळल्या. मी नाही हसले. एवढी साधी गोष्ट मला काहून सुचली नाही, म्हणून मला आणखीच राग आला.

त्या दिवसापासून शब्दाचं माहेर सांगितल्याशिवाय बाया मला पुढे जाऊ देईनात. ई-ए वाला वीक दवाखान्यातला, सलाईन लावून पडलेला. डबल ई वाला वीक कोंढ्याच्या आठवडी बाजारातला. डबल ई वाला मीट बसस्टँडवरचा, कारण माणसं तिथे भेटतात. ई-ए वाला मीट मटणाचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, करीचा. ओ वाला सन पवनीवालीनं स्वतःकडेच ठेवून घेतला, तिचा पोरगा पुण्याला कंपनीत आहे ना. "तो माह्या घरचा. त्याले कोणी हात लावू नका," म्हणाली. यू वाला सन शाळेकडच्या कोंढावालीला दिला, कारण उन्हानं डोकं नेहमी तिचंच दुखायचं.

मी एखाद्या शब्दावर अडले की माझा हात थांबायचा आणि पात मागे पडायची. मग दोन्हीकडच्या बाया माझ्या पातीत चार-चार रोपं लावून मला बरोबरीत ओढून घ्यायच्या. तोंडानं मात्र, "काय व मॅडम, झोपली काय?"

परीक्षेच्या दिवशी चुलतसासूनं मला आपणहून सुट्टी दिली. पवनीच्या केंद्रावर पेपर हातात आला आणि सवयीनं सगळ्या शब्दांची खिचडी व्हायला लागली. मी मनातल्या मनात पात धरली. एकेका शब्दाला विचारत गेले, तुह्यं माहेर कोणतं व? बहुतेकांनी मुकाट सांगितलं. एक शब्द तर आम्ही बांधीत कधी घेतलाच नव्हता. त्याच्या आजूबाजूचं वाक्य वाचलं तशी त्याची गल्लीही सापडली. बाहेर आले तेव्हा मला काय भूक लागली होती म्हणून सांगू!

निकाल लागला तेव्हा आम्ही चुलतसासूच्याच शेवटच्या बांधीत होतो. पावसानं मधेच दडी मारली म्हणून रोवणाही रेंगाळला होता. माझा फोन बांधावर प्लास्टिकच्या पिशवीत वाजायला लागला. थांबला, परत वाजला.

"वाजू दे," चुलतसासू म्हणाली. "पात पुरी कर."

तिसऱ्यांदा वाजला तशी मी उठलेच. अर्ध्या पातीत, पाठ सरळ करून, हातातली रोपं टाकून. नवऱ्याचा फोन होता. तो एवढंच म्हणाला, "निघालं तुह्यं इंग्रजी."

"पास झाली!" मी ओरडले. "मी पास झाली व बायांनो!"

आणि आमची चुलतसासू, जिनं आयुष्यात अर्ध्या पातीतून कुणाला उठू दिलं नव्हतं, ती आधी उभी राहिली. मग एकेक करत पूर्ण पात. चिखलाचे हात वर करून सगळ्या असा गोंधळ घालत होत्या की पलीकडच्या बांधीतल्या बाया विचारू लागल्या, कोणाघरी पोरगं झालं?

"आम्ही बारावी पास झालो!" पवनीवाली ओरडली.

दिवाळीच्या सुमारास अंगणवाडीची ऑर्डर आली. मी रुजू झाले त्या दिवशी पर्यवेक्षिका मॅडम आल्या होत्या, आणि चांगली लुगडी नेसून आमची पातही दारात हजर. मॅडमनी सहज विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी लाखनी म्हणायला तोंड उघडलं होतं.

"इथलीच आहे," चुलतसासू मागून म्हणाली. "हिचं माहेर आमची बांधी."