ट्रकवरची थाप

मंडळी, आज चाळीच्या फळ्यावर सुविचार नाही.

सकाळी बांधकामावरचा कचरा उचलायला ट्रक मागे येत होता. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, म्हणून आपण मजूर ट्रकच्या मागच्या फाळक्यावर थाप मारून ओरडतो, "आने दो!" थाप म्हणजे ये.

आपल्या चाळीतला, कुंभवलीचा जान्या फाळका आणि भिंतीच्या मधे सापडला. इंजिनच्या आवाजात त्याची किंकाळी बुडाली, म्हणून तो जिवाच्या आकांताने फाळक्यावर थापा मारत सुटला. ट्रक आणखी मागे आला. छातीचा चेंदामेंदा होऊन जान्या जागीच गेला.

"मला वाटला, बोलवतो हाय," म्हणत ड्रायव्हर कपाळ बडवत होता.

मुकादम म्हणतो, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! 'ये'ची खूण आपण ठरवली, 'थांब'ची कुणीच ठरवली नाही.

उद्या फाळक्यामागे तुम्ही असाल, तर 'थांब' कसं सांगाल?