दगडाबाईंनी न बदललेली बॅटरी

दामाजी पाटलाच्या पांढऱ्या अँबॅसेडरमध्ये मी जेवढी झोपले आहे, तेवढी स्वतःच्या पलंगावरही झोपले नसेन. ऐंशीच्या दशकात आमच्या नाटकाचे प्रयोग ठाण्याला, कल्याणला, कधी पार कर्जतपर्यंत होत आणि डोंबिवलीहून आम्हा बायकांना नेण्याआणण्याचं काम दामाजीकडे होतं. मानपाड्याच्या पलीकडे त्याचं आगरी गाव. जमीन कारखान्यांत गेली तेव्हा आलेल्या पैशांतून इतरांनी घरावर मजले चढवले, त्यानं गाडी घेतली.

तो प्रत्येक प्रयोग विंगेत उभा राहून बघायचा आणि परतीच्या वाटेवर परीक्षण करायचा. "बाय, आज तू मरताना लय टाइम लावलास. पुढल्या रांगेतला एक म्हातारा घड्याळ बघत होता." तिसऱ्या अंकात मी रोज मरत असे. दामाजीला ते मरण कधीच पटलं नाही. त्याच्या मते माणूस इतकं स्पष्ट बोलत मरत नाही.

गाडीबद्दलही तो असाच बोलायचा. बॅटरी एकदम मरत नाही, म्हणायचा. आधी सकाळी आळस करते, मग दिवे पिवळे पडतात, सारखं पाणी मागते, टोकांवर पांढरंहिरवं पीठ धरते. कान असला तर कळतं.

त्याचं स्वतःचं मरण असंच आलं, हळूहळू. छाती भरून यायची. त्यांच्या गावावर कारखान्यांचा आंबट वास कायमचा वस्तीला असे; त्यामुळे असेल किंवा विड्यांमुळे, पण शेवटचे दोन महिने तो भिंतीला टेकून बसूनच असायचा. एकेक श्वास विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढायचा. मी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको दगडाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. "जायाचं नाय," एवढंच ती मधूनमधून म्हणत होती, हट्टी मुलाला दटावावं तसं.

दहाव्याला कावळा शिवेना. गावच्या तळ्यावर पिंड मांडलेला, ऊन चढलेलं. भावांनी सांगून बघितलं, आम्ही तुझ्या पोराला बघू. पोरानं, म्हणजे जगननं, सांगून बघितलं, आईला अंतर देणार नाही. कावळे झाडावर बसून होते. मग दगडाबाई पुढे आली आणि पिंडाकडे बघून म्हणाली, "तुझ्या गाडीतली एक वस्तू बदलू देनार नाय. जशी ठेवलीस तशी ठेवीन." कावळा उतरला. मी तिथे होते. 

दगडाबाईनं शब्द पाळला आणि त्यात तिचं एक शास्त्रही तयार झालं. डिझेल आणि तेल चालायचं, कारण ते खाणं. पंक्चर काढलेलं चालायचं, ते औषधपाणी. पण डाव्या बाजूचा दिवा गेला तो गेलाच. गाडी एका डोळ्यानं फिरू लागली. बॅटरीत पाणी मात्र ती स्वतःच्या हातानं घालायची. "तहानलेल्याला पानी कोन नाय म्हनंल?"

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जगन माझ्या दारात आला. सडपातळ, बापासारखाच लांब मानेचा.

"मावशी, आईला समजवा तुम्ही. माझं ऐकत नाय."

"काय झालं?"

"बॅटरी खलास झालीय. रोज धक्का मारतोय. काल शीळफाट्याला बंद पडली, गाडी लावलीय त्या कंपनीच्या दोन साहेबांनी टाय लावून धक्का मारला. एक बोलला, सोमवारपर्यंत नीट करून आण, नायतर आम्ही दुसरी गाडी लावतो."

ती कंपनी गेली की जगनकडे काही उरत नव्हतं. मग गाडी विकायची आणि कुठल्यातरी फाटकावर रखवालदार म्हणून उभं राहायचं.

"मग बदल की. आईला कळणार कसं?"

जगन खाली बघत राहिला. "किल्ली तिच्याकडे असते. आणि मावशी, मी पण तळ्यावर होतो ना."

शुक्रवारी दुपारी मी गेले. गावात चिटपाखरू नव्हतं. अंगणात आंब्याखाली गाडी उभी होती, तिच्या एका शाबूत दिव्यावर ऊन पडलेलं, आणि पुढच्या डाव्या सीटवर दगडाबाई बसली होती. दार बंद, काच खाली, मांडीवर सुपारीचा डबा. एखादी बाई नवऱ्याबरोबर कुठेतरी निघाली असावी आणि नवरा काहीतरी विसरलं म्हणून आत गेला असावा, तशी.

"ये बाय. मागं बस."

मी मागे बसले. आत उकडत होतं. एक वास होता, सडक्या अंड्यासारखा, बाहेरच्या कारखान्यांच्या वासापेक्षा वेगळा.

"दगडाबाई, अहो हा कसला वास?"

"त्याचा. शेवटी शेवटी तोंडाला येत होता तसा."

मी पाठ करून आले होते ते बोलायला लागले. बॅटरी म्हणजे काही माणूस नव्हे, तिचं आयुष्य तीनचार वर्षांचं, ही तर केव्हाच संपली आहे, जगनच्या पोटाचा प्रश्न आहे. चांगलं बोलले असेन. दगडाबाईनं ऐकून घेतलं.

"तुजं नाटक झालं?"

"झालं."

"मग आयक." तिनं हात लांबवून किल्ली फिरवली.

गाडीतून आवाज आला. मी आयुष्यभर गाडीत बसले आहे, स्टार्टर दमला की कसा आवाज येतो हे मला ठाऊक होतं. घर्र... घर्र... आणि मग मध्ये एक लांब थांबा, इतका की आता पुढचा येत नाही असं वाटावं, आणि मग परत, खालून ओढून आणलेला, घर्र. काचेमागचा लाल दिवा उजळत होता, मंदावत होता. माझी बोटं समोरच्या सीटवर घट्ट झाली. दामाजी भिंतीला टेकून बसलेला असायचा तेव्हाची श्वासांमधली ती अंतरं होती, तीच. मी स्टेजवर तिसऱ्या अंकात जे कधी करू शकले नाही, ते.

किल्ली सोडून दगडाबाई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "हाय का नाय?"

मी सीटवरून बोटं सोडवली.

"आनि दुपारी हाकबी मारतो. याच वक्ताला. जेवायला यायचा ना तो, तवा नाक्यावरनं वाजवायचा."

जगन तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन आला होता. तो खिडकीशी वाकला. "आये, ती वायर घासलेली. कितींदा सांगितलं? स्टिअरिंगखालची हॉर्नची वायर उघडी पडलेली, गरम झालं की चिकटायची. दिवसभर करंट खायची, म्हणून तर बॅटरी बसली. मी मंगळवारीच काढून टाकलीय. मावशी, तुम्ही बघा." त्यानं दार उघडून खाली हात घातला आणि तारेचं टोक ओढून दाखवलं, काळी पट्टी गुंडाळलेलं, कशालाच न जोडलेलं. "आता कशी मारेल हाक?"

"मंगळवारनंतरबी मारलीय," दगडाबाई म्हणाली. "बुधवारी. काल."

"कायपण बोलू नको, आये."

"मी बोल्तंय ना, मारलीय."

आंब्याचं एक पान बॉनेटवर पडलं आणि तिथेच राहिलं. तारेचं टोक जगनच्या हातात होतं.

आणि हॉर्न वाजला.

खरं तर वाजला म्हणणं जास्तच. दुसऱ्या खोलीत कुणी घसा खाकरावा एवढाच तो होता, बारीक, फाटका, शेवटी विरून गेलेला. कुठला आवाज विंगेमागून येतो आणि कुठला समोरून, हे ओळखण्यात माझं आयुष्य गेलं आहे. हा समोरच्या बॉनेटखालून आला. जगननं तार सोडून दिली आणि मागे सरकला. तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर सांडलं.

मला वाटलं, आता दगडाबाईला आनंद होईल. तिचं खरं ठरलं होतं. पण ती तशीच बसून होती, मान किंचित कलती करून. ती दुसऱ्यांदा ऐकत असावी, मनातल्या मनात. मग तिच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान हळूहळू उतरत गेला.

"बाय," ती म्हणाली, "ही हाक नाय."

"मग?"

"हाक मी वलखते. दोनदा वाजवायचा, जोरान. ही हाक नाय. त्याला दम पुरत नाय." तिनं डबा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. "मी त्याला धरून बसलंय. तवाबी बसलेली, आनि आताबी. रोज किल्ली फिरवतंय आनि रोज त्याला वडायला लावतंय."

"तुम्ही शब्द दिलेला, दगडाबाई."

"त्यानं मांगलेला? कावल्यानं मांगलेला?" ती माझ्यावर थोडी चिडली. "मलाच पायजे होता तो."

मग तिनं दार उघडलं, उतरली, बॉनेटशी गेली. जगनला बोलावलं. जगन येईना.

"घाबरतोस काय? बाप हाय तुजा."

त्यानं बॉनेट उघडलं. बॅटरीची एक बाजू पोटासारखी फुगली होती, टोकांवर पांढरंहिरवं पीठ जमलं होतं. जगननं पान्यानं नट सैल केले. दगडाबाईनं पदरानं पीठ पुसायला हात पुढे केला, तो त्यानं धरला. "भाजेल, आये." तिनं त्या पेटीच्या झाकणावर, जिथे पीठ नव्हतं तिथे, हात ठेवला. दामाजीच्या पाठीवर ठेवायची तसाच. काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही. मग तिनं मान हलवली आणि जगननं बॅटरीवरची तार उचलली.

जुनी दिल्याशिवाय नवी स्वस्तात मिळत नाही, म्हणून तो ती रिक्षात घालून डोंबिवलीला निघाला. "हलवू नको रे लय," दगडाबाई रिक्षामागून म्हणाली. रिक्षावाला जगनचा मित्रच होता. "काकू, अंडी हायत काय?" त्यानं विचारलं. कुणी हसलं नाही.

जगन परत येईपर्यंत आम्ही दोघी ओट्यावर बसलो. तिनं मला चहा दिला, वाटाण्याची उसळ दिली, माहेरी गेलेल्या सुनेच्या, जगनच्या बायकोच्या, चार तक्रारी सांगितल्या. अंगणाकडे तिची पाठ होती. मी मात्र गाडीकडे बघत होते आणि सांगायला हरकत नाही, मला त्या उघड्या बॉनेटची भीती वाटत होती.

ऊन कलताना नवी बॅटरी बसली. जगन म्हणाला, मावशीला सोडून येतो, आये, तूही चल, चक्कर होईल. मला वाटलं ती पुढे बसेल. ती माझ्या शेजारी मागे बसली, प्रवाशासारखी, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. जगननं किल्ली फिरवली.

दगडाबाई काचेबाहेर बघत वाट पाहत होती. कान तिचे पुढे लागलेले होते. बराच वेळ गेला तसं तिनं विचारलं, "कवा चालू करतोस?"

"चालू झालीय, आये. कवाच."

तिनं पुढच्या सीटच्या पाठीवर तळहात टेकवला. खालून इंजिनाची एकसारखी, कुणाचीच नसलेली थरथर येत होती. ती मीही हातानं चाचपली.

"बरं," दगडाबाई म्हणाली. "म्हंजे गेला."

जगननं गिअर टाकला.