डाळ शिजेल तेच घर

सोलापूर आणि पंचक्रोशीतील तमाम घरमालकांना कळवण्यात येते की, काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांची जी घरं एकामागून एक नापसंत केली, त्यात त्यांच्या घरांचा काडीइतकाही दोष नव्हता. दोष आमच्या हिच्या मामांचा होता. मामांसारखा घरपारखी ब्रह्मदेवाने एकदाच घडवला. दुसरा घडवायची त्याची छाती झाली नाही.

तेव्हा आम्ही एका गिरणीच्या भिंतीला लागून दोन खोल्यांत राहत होतो आणि समोरच्या खोलीत मामा. रेल्वेच्या मालधक्क्यावरून पेन्शनीत निघालेले, मामी गेलेल्या, मूलबाळ नाही. सकाळचा चहा ते आपला एकटे करून घेत, संध्याकाळचं पान मात्र आमच्याकडे. आणि पान मांडेपर्यंत आमची दोन वर्षांची छबू त्यांच्या पाठीवर बसून त्यांना घरभर पिटाळी. गिरणीच्या धुराड्याची काजळी वाळत घातलेल्या धोतरांवर बसे, तशी ती पोरीच्या छातीतही बसू लागली. एक सगळा हिवाळा ती खोकत होती. डॉक्टर म्हणाले, औषधं पुष्कळ झाली, आता हवा बदला. पुढच्या थंडीच्या आत हिला गावाबाहेर न्या. म्हणून घर शोधायचं ठरलं. मामांना कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी टांगा दारात आला तेव्हा ते आधीच आत बसलेले होते.

घर बघणं म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं डोळ्यांनी बघणं नव्हे. मामा आधी भिंतीला जीभ लावत. लोणा धरलेली भिंत खारट लागते, असं त्यांचं शास्त्र. एका मालकिणीने हा प्रकार पाहिला आणि बिचारी लगबगीने आत जाऊन वाटीभर चिवडा घेऊन आली. मामांनी तो सावकाश संपवला आणि टांग्यात बसल्यावर निकाल दिला, “चिवडा अळणी आणि भिंत खारट. उलटं असायला हवं होतं, जावईबापू.” वाऱ्याची परीक्षा ते पडून घेत. खोलीच्या मधोमध उपरणं पसरून, हात छातीवर ठेवून, डोळे मिटून उताणे होत. एकदा तिथेच त्यांचा डोळा लागला. आम्ही दोघं उशाशी गप्प बसून होतो, आणि नेमका त्याच वेळी मालक दुसरं गिऱ्हाईक घेऊन आला. त्या सद्गृहस्थाने दारातूनच हात जोडले, मला चार शब्द धीराचे सांगितले, आणि घर न बघताच तो आंघोळीला निघून गेला.

पण खरी कसोटी डाळीची. आमच्या भागात विहिरीचं पाणी जड असलं की त्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण नुसतं विचारून घेतील ते मामा कसले! मामांच्या पिशवीत एक पितळी पातेली, चार गोवऱ्या आणि मूठभर डाळीची पुरचुंडी असे. ते परक्याच्या अंगणात तीन दगड मांडत, त्याच्याच विहिरीचं पाणी शेंदत आणि साखळीचं घड्याळ हातात धरून चुलीपुढे बसत. तासाभराने एक दाणा चिमटीत दाबायचा, मान हलवायची आणि मालकाकडे दुःखाने बघायचं. “डाळ शिजत नाही तिथं राहायचं कसं?” झालं, घर बाद. होटगीच्या वाटेवरची तीन घरं गेली, अक्कलकोटच्या वाटेवरची चार. दिवाळी उलटली, पहाटे गारठा पडू लागला आणि छबूचा खोकला पुन्हा सुरू झाला. डाळ मात्र कुठेच शिजेना.

एके दुपारी मामा बाहेर गेले असताना हिला काय वाटलं कोण जाणे, तिने त्यांच्या पुरचुंडीतली थोडी डाळ काढून आमच्याच नळाच्या पाण्यात शिजत घातली. त्या पाण्यात आम्ही रोज वरण करत होतो. मी कचेरीतून आलो तेव्हा तिने पातेलं माझ्यापुढे धरलं. दोन तास उकळून डाळ जशीच्या तशी, खडीसारखी. किती जुनी होती ते देवाला ठाऊक. माझं डोकंच फिरलं. ही म्हणाली, मामांना एक अक्षर बोलायचं नाही. आणि पुरचुंडीत आपल्या डब्यातली नवी डाळ बांधून ठेवली.

पुढच्या रविवारी आम्ही कुंभारीच्या वाटेला एक घर बघितलं. घर मेंढरंवाल्या म्हातारीचं. ती बाजूच्या दोन खणांत राहत होती. मामांनी दगड मांडले तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “दगुड घालून बगा की वो पातेल्यात. त्यो बी शिजंल. लई ग्वाड पानी हाय आमचं.” मामा निर्धास्त हसले. छबू कोकरांमागे पळत होती. धावली की हमखास ढास लागणारी पोर, पण त्या दिवशी तिला धाप लागली ती नुसती हसून. मामा चूल सोडून तिच्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी झाकण काढलं आणि दाणा दाबला. त्याचं पीठ झालं. दुसरा दाबला, तिसरा दाबला.

“ही माझी डाळ नव्हे,” ते म्हणाले.

“नव्हेच, मामा,” ही हळूच म्हणाली. “तुमची आपल्या नळाच्या पाण्यातही शिजत नाही.”

म्हातारी पदर तोंडाला लावून आत गेली. मी विहिरीचा रहाट बघू लागलो.

ते घर आम्ही घेतलं. छबू आता चौथीत आहे आणि खोकला तिला फक्त शाळेच्या वेळेला येतो. ओसरीलगतची मामांची खोली गेल्या माघात ते गेल्यापासून बंद आहे. ती उघडून झाडायचं हिच्या जिवावर येतं, माझ्याही. घरांची गोष्ट निघाली की लोकांना मी चिवडा सांगतो, आंघोळ सांगतो. सगळे पोट धरून हसतात. त्या अंगणातलं पुढचं मात्र सांगत नाही. मामा रागावले नाहीत, सबबही सांगितली नाही. उपरण्याला बोटं पुसत, आमच्या कुणाकडे न बघता, एकदम म्हणाले, “तीन मैल आहे गं हे. रोज संध्याकाळी मी येऊ कसा?”