पाह्यलं, का ऐकलं?

राजुऱ्यात तहसील कचेरीसमोर टायपिंगचं टेबल लावणारे चाचा कुठलीही बातमी सरळ घेत नसत. गडचांदूरची बस गेली असं सांगितलं, तरी चष्म्यावरून बघत विचारत, "पाह्यलं, का ऐकलं?"

जन्मभर त्यांनी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली. म्हैस वाघानं नेली, धानात रानडुकरं शिरली. माणूस भडाभडा बोलत सुटायचा आणि चाचा बोटं हवेत धरून थांबायचे. पाहिलेलं एका परिच्छेदात, ऐकलेलं दुसऱ्यात, आणि कोणाकडून ऐकलं तेही. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, प्रश्न तोच राहिला.

माझी पहिली कादंबरी मी त्यांच्याकडेच दिली. माझं अक्षर फक्त त्यांनाच लागायचं. एक बाई 'मी' म्हणून आपली हकीकत सांगते. तिचा नवरा मोहफुलं वेचायला जातो आणि वाघ त्याला मारतो. ते प्रकरण माझं लाडकं. वाघाचे डोळे, नवऱ्याची शेवटची हाक, सगळं होतं त्यात.

नेमके तिथेच चाचा थांबले.

"बाई, तुमची ही बाई तं चुलीपाशी बसून राह्यली. वाघ तिकडं नाल्यावर. इले दिसला कसा?"

"कादंबरीत चालतं, चाचा."

"चालत असन. पण 'मी, मी' करून तीच सांगून राह्यली ना? वकील इले दोन मिनटांत पाडन."

"वाघ नसेल तर वाचणार कोण?"

"मंग वाघालेच सांगू द्या!"

शेजारचा चहावाला खो खो हसला. मी कागद उचलले आणि घरी आले. प्रकाशकानं दिलेल्या मुदतीला आठ दिवस होते. दुसरा टायपिस्ट मिळाला असता, पण प्रश्न मिटला नसता. शेवटी मी वाघ काढला. बाई घरीच राहिली. तिच्यापुढे झाकून ठेवलेला भात, आणि गावकऱ्यांनी आणून ठेवलेली अर्धी भरलेली टोपली. अकरा पानांची तीन झाली. चाचांनी ती एका बैठकीत टाइप केली. "आता साक्ष पक्की," एवढंच म्हणाले. वाचक आजही त्याच तीन पानांबद्दल बोलतात.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. मी तेव्हा एटापल्लीला होते. जाण्याआधी त्यांनी माझ्या नव्या पुस्तकाची चौकशी केली म्हणे. हे त्यांच्या सुनेकडून ऐकलेलं. परत आल्यावर मी पाहिलं ते असं: टेबलावर कापड टाकलेलं, आणि समोरच्या स्टुलावर कागदांची पिशवी घेऊन बसलेली एक म्हातारी.

"चाचा कवा येते?"

"चाचा गेले, आजी."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तू पाह्यलं?"

"नाही," मी म्हणाले. "ऐकलं."

ती बसूनच राहिली.