खालांनी फोडलेली चूल

१० मे १९६२. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली, म्हणून आज स्वैपाकघरातलं धुराडं साफ करायला काढलं आहे. हे धुराडं खालांनी बसवलेलं. खरं तर आमच्या ईट गावात खालांनी फोडली नाही अशी चूल सापडायची नाही.

अख्खं गाव त्यांना खालाच म्हणतं, म्हणजे मावशी. गटविकासाची जीप पहिल्यांदा आली, तेव्हा बिनधुराची चूल शिकायला एकही बाई पुढं येईना. पिंजाऱ्याच्या घरातल्या या विधवा मुसलमान बाई उठल्या, त्या परत बसल्याच नाहीत. महिला मंडळाची चिटणीस मी, पण मंडळ म्हणजे खालाच. सांगून येणं त्यांना ठाऊक नाही. दारातून धूर दिसला की आत शिरायचं, खोकणाऱ्या सुनेला बाजूला सारायचं आणि जुन्या चुलीवर पहार घालायची. परवानगी नंतर. "विचारत बसले तर सासू न्हाय म्हणती," हे त्यांचं कारण. नवी चूल लिंपून झाली की स्वतःच सांगायच्या, "आता गोमूत्र शिंपडून घ्या. माझ्यासमोरच शिंपडा, माघारी चोरून कशाला?" बायका ओशाळून हसायच्या आणि शिंपडायच्या. तोवर खाला अंगणात बसून, त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला कप हक्कानं मागून घेऊन, बशीनं चहा प्यायच्या.

पंचायतीची निवडणूक लागली तेव्हा गावातल्या मोठ्यांनी निरोप धाडला, की खालांना बायकांच्या राखीव जागेवर घेऊ, उभं राहायची दगदग नको, सही घरी येऊन नेऊ. खालांना हवी होती एक भिंत. ओढ्याकाठी बायका बाहेरला जातात, तिथं आडोसा नव्हता. पारावर भरणाऱ्या दर ग्रामसभेत त्या मागायच्या आणि पुरुष हसून पुढच्या विषयाला लागायचे. "घरी बसून सही करणाऱ्या बाईला कोण भिंत देतंय?" म्हणाल्या, आणि थेट पाटलांच्या भावाविरुद्ध निवडणुकीला उभ्या राहिल्या.

प्रचाराला मी बरोबर. मत मागायला म्हणून घरात शिरायच्या आणि धुराड्यातली काजळी काढली नाही म्हणून घरधनिणीला झापून बाहेर यायच्या. मी म्हणायची, खाला, मताचं बोला.

"मत कुठं पळून चाललंय, बाई? हिचे डोळे चाललेत."

मतदानाच्या आदल्या दिवशी तर कहर झाला. पाटलांच्या भावाच्याच घरातून त्यांना धूर दिसला. मी पदर धरेपर्यंत खाला आत, आणि चूल जमीनदोस्त. त्या रात्री तिथं प्रचाराची सगळी माणसं जेवायची होती. खालांनी मुद्दाम डाव साधला, असं गावभर झालं. पाटलांचे भाऊ ओसरीवर उभे राहून ओरडत राहिले. खालांनी अंगणात तीन दगड मांडून दिले आणि दुसऱ्या दिवशी, मतदान चालू असताना, त्यांच्याच स्वैपाकघरात लिंपण करत बसल्या. मी कपाळाला हात लावला.

दुपारी त्या घरची मालकीण जावाभावजयांना घेऊन मतदानाला आली. नवऱ्याच्या देखत मला म्हणाली, "बाई, आमचे मालक आजवर कधी चुलीपशी आले न्हाईत. ह्या आल्या."

खाला थोडक्या मतांनी निवडून आल्या.

पहिली सभा चावडीत होती. खाला घरून निघाल्या रुबाबात, पण पायरीशी थबकल्या. पोलीस ॲक्शनच्या साली, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, त्यांच्या मालकांना याच चावडीवर बोलावून नेलं होतं. ते परत आले नाहीत. तेव्हापासून खालांनी ही वाट टाळली होती. गावाला ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. आत बसलेल्यांनी माना खाली घातल्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"चला बाई," त्या हळूच म्हणाल्या, "लई उशीर झालाय."

आत गेल्या, सतरंजीच्या मधोमध बसल्या, आणि भिंतीचा ठराव मंजूर होईपर्यंत उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला निघाले, तर ओढ्याकाठी खाला पदर खोचून एकट्याच दोरी लावून चुन्याच्या फक्कीनं भिंतीची रेघ आखत होत्या. ठरावापेक्षा ती चांगली दोन हात लांब गेली होती. मी घागर खाली ठेवली आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.