सरांचा घड्याळाशी उभा दावा

आमच्या सरांइतका घड्याळाशी वैर धरलेला माणूस सोलापुरात शोधून सापडायचा नाही. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि आता मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात त्यांच्याच युनिटमध्ये शिकवते, त्यामुळे हा छळ मी दोन्ही बाजूंनी भोगला आहे. वॉर्डातला राऊंड सुरू झाला की जेवणाची वेळ टळलीच समजायची. "ताप चढताना ज्यानं बघितला, त्यानंच तो उतरताना बघायचा," हे त्यांचं ब्रीद. मग शिकाऊ डॉक्टरांच्या ड्यूटीला तासांची मर्यादा आली, आणि सरांना जणू सुतकच लागलं. "आजार काय शिफ्ट बघून येतो व्हय?" असं ते दिसेल त्याला विचारू लागले, एकदा तर लिफ्टमनलाही. तरी नियम मोडायचा नाही म्हणून त्यांनी शिकवणंच वॉर्डाबाहेर नेलं. अफरीन ही आमची शिकाऊ डॉक्टर ड्यूटी संपवून स्कूटी काढत होती, तर सर कावीळ समजावत समजावत तिच्या मागे बसले. शुक्रवार पेठेत तिच्या खोलीपाशी कावीळ संपली, तेव्हा रिक्षा करून परत आले.

त्यांचं सगळंच चुकत होतं असंही नाही. मोडनिंबच्या एक मावशी आमच्या वॉर्डात होत्या. रोज नवा डॉक्टर येऊन तेच विचारी. त्या वैतागून म्हणत, "किती येळा सांगू? त्या अफरीनबाईला समदं ठावं हाय की." त्यांच्यासाठी अफरीन रात्रपाळी संपल्यावरही थांबली. सरांना कोण आनंद झाला. दुपारी आम्ही दोघं वॉर्डात गेलो, तर ती मावशींच्या खाटेपाशी इंजेक्शन घेऊन उभी, डोळे अर्धे मिटलेले.

"बाई, माजं सकाळीच झालं की," मावशी म्हणाल्या. "हे पलीकडच्या म्हातारीचं असंल."

सर रागावले नाहीत. त्यांनी इंजेक्शन काढून घेतलं, स्कूटीची किल्लीही काढून घेतली आणि तिला स्वतः फाटकापर्यंत नेऊन रिक्षात बसवलं. मग नव्या डॉक्टरला मावशींजवळ बसवून म्हणाले, "मावशी, ह्याला पहिल्यापासून सांगा. मीपण ऐकतो."

बाहेर आल्यावर ते जिन्यातच थांबले. "आम्ही जागून जागून शिकलो, असं मी छाती काढून सांगतो. पण आमच्या पेंगेत ज्यांचं काही चुकलं असेल, ते सांगायला कुठून येणार?"

वॉर्ड दणाणून सोडणाऱ्या सरांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांचा हात धरावा असं फार वाटलं. धरला नाही. आमच्याकडे सरांचा हात कोण धरतं?